मज्जा शिल्लक नाही

त्रिशला चौगुले हिचं अस्थिमज्जा-प्रत्यारोपण यशस्वी झालं. दात्याची मज्जा तिच्या हाडांत रुळली, नवं रक्त तयार व्हायला लागलं आणि ती बरी होऊन घरी गेली.

हा संदेश आला तेव्हा तिचा धाकटा भाऊ मिरजेच्या एका हॉस्पिटलात तिच्या खोलीच्या काचेबाहेर बसून भडंग खात होता. काचेच्या आत त्रिशला पडली होती आणि बाटलीतून तिच्यात कुणाचं तरी रक्त उतरत होतं. बरी होऊन घरी गेलेली बाई समोर पडलेली दिसते म्हटल्यावर भावानं संदेश पुन्हा वाचला. 'अभिनंदन! श्री. त्रिशला चौगुले यांचे प्रत्यारोपण यशस्वीरीत्या पार पडले असून रुग्ण स्वगृही परतले आहेत. राष्ट्रीय ऊतिजुळणी प्राधिकरण आपल्या आनंदात सहभागी आहे.'

भावाचं नावच अभिनंदन. त्यामुळे कुठल्याही सरकारी संदेशातला पहिला शब्द ही हाक आहे की आनंद, हे त्याला जन्मात कळलं नव्हतं. बारशाला कानात कुर्र करताना आत्यानं एवढा पुढचा विचार केला नव्हता.

तोंडातला शेंगदाणा चावून होतोय तोवर दुसरा संदेश आला. 'मागील संदेश पाठवण्यात आलेला नाही, असे समजावे.'

बरं. आपणही तसंच समजू, आणि मुळापासून सुरू करू.

त्रिशला तासगावच्या एका शाळेत खो-खो शिकवायची. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट आणि आवाज असा की पलीकडच्या वर्गातली मुलंसुद्धा गणित सोडून उठायची. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हापासून घरात ही आणि अभिनंदन, दोघंच. तो बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये प्रतवारी बघायचा. हिरवा, पिवळा, लांब, गोल, काळा. जगात याहून जास्त प्रकार नसावेत असं त्याचं मत होतं.

मग एका पावसाळ्यात त्रिशलाच्या अंगावर नुसतं बोट टेकलं तरी काळानिळा डाग उठायला लागला. हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मिरजेच्या डॉ. रेश्मा इनामदार यांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, अप्लास्टिक अॅनिमिया. हाडांच्या पोकळीत रक्त तयार करणारा जो कारखाना असतो, तो बंद पडलाय. संप नाही, टाळेबंदी नाही. कामगारच गायब.

"पण का?" अभिनंदननं विचारलं.

"बहुतेकांच्यात कारण सापडत नाही," डॉक्टर म्हणाल्या. कारण न सापडण्याला त्यांच्या शास्त्रात लांबलचक नावही होतं. ते त्यांनी सांगितलं. त्यानं कुणाचाच फायदा झाला नाही.

औषधं झाली. ती लागू पडली नाहीत. रक्त चढवत राहिले. शेवटी एकच उपाय उरला, दुसऱ्याची मज्जा. त्यासाठी प्राधिकरणात नाव नोंदवावं लागे, आणि नाव नोंदवायला फोनवर एक बोलतं यंत्र होतं. यंत्रानं विचारलं, काय त्रास होतो? त्रिशला म्हणाली, "जिना चढलो की दमतो."

सांगली-कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो, मी जातो' असंच बोलतात. इकडे त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. यंत्र मात्र इकडचं नव्हतं. त्यानं तिला श्रीयुत करून टाकलं.

"अक्का, दुरुस्त करून घेऊया की," अभिनंदन म्हणाला.

"राहू दे रे अभ्या. श्रीयुतांना कुणी स्वयंपाक येतो का विचारत नाही. तेवढाच आराम."

डॉ. इनामदारांनी भावाला समोर बसवून जुळणी म्हणजे काय ते समजावलं. त्या चांगलं समजावायच्या. समजल्यावर माणसाला आणखी वाईट वाटायचं.

आपल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर काही प्रथिनं असतात. त्यांना एचएलए म्हणतात. तो पेशीचा गणवेश समजा. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे पहारेकरी. गणवेश आपला दिसला तर जाऊ देतात, परका दिसला तर मारतात. आता मज्जा बदलायची म्हणजे नुसता कारखाना बदलत नाही, पहारेकरीसुद्धा परगावचे येतात. त्यांना इथला गणवेश ओळखीचा वाटला नाही तर ते कातडीपासून यकृतापर्यंत सगळ्या घरालाच झोडपून काढतात. म्हणून दात्याचा आणि रुग्णाचा गणवेश एक असावा लागतो. हा गणवेश ठरवणारी जनुकं सहाव्या गुणसूत्रावर एका ओळीत बसलेली असतात. एक अख्खी ओळ आईकडून येते, एक वडिलांकडून. सख्ख्या भावंडांत दोन्ही ओळी जुळण्याची शक्यता चारांत एक.

"पूर्वी ही जुळणी फार ढोबळ होती," डॉक्टर म्हणाल्या. "ठराविक रक्तद्रव टाकायचे आणि कुठली पेशी मरते ते बघायचं. मग ओळीतली काही अक्षरं वाचता यायला लागली."

"म्हणजे आधी नुसतं हिरवा बेदाणा, पिवळा बेदाणा."

"हो. आणि आता दाणा कुठल्या वेलीच्या कुठल्या घडाचा, तेही कळतं."

हे कळवणाऱ्या यंत्राला सलगवाचक म्हणत. डब्याच्या झाकणाएवढं. त्यावर थुंकी लावायची. चहाला उकळी येईपर्यंत ते दोन्ही ओळी पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, मधे श्वास न घेता वाचून मोकळं व्हायचं. आईची वेगळी, बापाची वेगळी. इतकं सोपं झाल्यावर सरकारनं अख्खा देशच वाचून काढला. आणि वाचलंच आहे तर वापरू या, म्हणून रेशनपासून लग्ननोंदणीपर्यंत सगळीकडे अंगठ्याऐवजी थुंकी आली. अंगठा झिजतो, चेहरा सुजतो, ऊती बदलत नाहीत. कल्पना उत्तमच होती. वाईट कल्पना लोक लगेच बंद पाडतात, उत्तम कल्पनांचं तसं होत नाही.

"तुमची एक ओळ जुळते," डॉक्टर म्हणाल्या. "अर्ध्या जुळणीवरही हल्ली सर्रास प्रत्यारोपण होतं. पण तुमच्या बहिणीला इतक्यांदा परकं रक्त चढलंय, की तिच्या शरीरानं काही परक्या गणवेशांविरुद्ध अँटिबॉडी तयार करून ठेवल्यात. नेमक्या तुमच्या दुसऱ्या ओळीविरुद्ध. तुमची मज्जा आत गेली तर रुजायच्या आधीच मारली जाईल."

"म्हणजे माझ्याविरुद्ध?"

"खास तुमच्याविरुद्ध."

त्यानं काचेजवळच्या फोनवरून बहिणीला हे सांगितलं. 

"मी लहानपणापासून सांगत होतो, हा कार्टा मला सहन होत नाही म्हणून," ती म्हणाली. "आई ऐकायची नाही. आता रिपोर्टच आला."

मग तिनं भिंतीकडे तोंड केलं. अभिनंदननं फोन जागेवर ठेवला आणि बेदाण्याची प्रतवारी करावी तशा काचेवरच्या डागांकडे तो बघत राहिला.

प्राधिकरणानं सबंध देश चाळला आणि एक दाता सापडला. एकच. पण तो असा जुळत होता की डॉ. इनामदार खुर्चीतून उठल्याच. दोन्ही ओळी, शेवटच्या अक्षरापर्यंत.

"परक्या माणसाशी इतकी जुळणी मी पाहिली नव्हती," त्या म्हणाल्या. "तुमच्याच समाजातला, तुमच्याच भागातला कुणीतरी असणार. पिढ्यान्पिढ्या त्याच दहा-वीस गावांत सोयरिकी झाल्या की त्याच ओळी फिरत राहतात."

यंत्रानंही उत्साहात पुढचं सगळं एका झटक्यात लावून टाकलं. प्रत्यारोपणाची तारीख, नंतरच्या तपासण्या, आणि तपासण्यांनंतरचा शुभेच्छासंदेश. तो ठरल्या तारखेला आपोआप जायचा होता. तो पुढे कसा गेला आणि कसा गेलाच नाही, ते आपण पाहिलंच.

दुसऱ्याच दिवशी कळलं: दात्याने नकार दिला आहे. पारदर्शकतेसाठी नकाराची ध्वनिफीत सोबत जोडली आहे. दात्याची ओळख पटू नये म्हणून आवाज बदलला आहे.

अभिनंदननं फीत लावली. दात्याला त्यांनी पाच-सहा वर्षांच्या मुलीचा आवाज दिला होता.

"नमस्कार," यंत्र म्हणालं. "आपण मज्जा देण्यास तयार आहात का?"

"आता कसली मज्जा ओ?" मुलगी म्हणाली. "मज्जा राहिलीच न्हाई. होती तवा लोकांना भरभरून दिली."

"आपल्याकडे मज्जा शिल्लक नाही, असे आपण म्हणत आहात का?"

"शिल्लक? शून्य! सगळी मज्जा तुमच्यासारख्यांनी घालवली. 'अक्षता हळू टाका मंडळी, नवरदेवाला अजून संसार करायचाय' हे माझं वाक्य, आता यंत्र बोलतंय हॉलमधनं. माझंच वाक्य!"

"आपला निर्णय अंतिम आहे का?"

"हॉलवाल्यानं कायमचा घरी बसवलाय मला. अजून काय अंतिम असतंय?" मुलीला हुंदका आला.

"धन्यवाद. आपल्या इच्छेचा आदर राखला जाईल."

आवाज बदलून काय होतंय? अक्षता हळू टाकायला सांगणारा माणूस सांगली जिल्ह्यात एकच होता. जयसिंगपूर पलीकडच्या कोल्हापूर जिल्ह्यात असलं तरी तिथला आप्पासो मगदूम दोन्ही जिल्ह्यांतल्या मांडवांत माइकवर उभा असायचा. मामांनी वधूला घेऊन यावे, बुंदी वाढणाऱ्यांनी डाव्या पंगतीकडे लक्ष द्यावे, ही सगळी वाक्यं त्याची. अभिनंदनच्या चुलतभावाच्या लग्नातही तोच होता. त्यानंच तर त्या दिवशी माइकवरून 'अभिनंदन, अभिनंदन!' केलं होतं आणि अभिनंदन दोनदा धावत स्टेजवर गेला होता.

आप्पासो घरीच होता. लुंगी, बनियन, आणि हातात बंद माइक. सवय म्हणून धरून बसला होता. अभिनंदननं काही न बोलता फीत ऐकवली.

"कोण ही पोरगी?" आप्पासो म्हणाला. "लई कळकळीनं बोलती."

"तुम्ही आहात ते."

आप्पासोनं पुन्हा ऐकली. या वेळी त्यानं माइक खाली ठेवला.

"अस्थिमज्जा विचारत होतं व्हय ते? अरे देवा. मला वाटलं, पेपरवाल्यांचं यंत्र मुलाखत घ्यायलंय. एक कलाकार घरी बसला म्हणून." त्यानं बनियनवरून बरगड्या चाचपल्या. "हाय की ओ माझ्याकडं. भरपूर असेल. कुणाला पायजे?"

"माझ्या अक्काला. नाही मिळाली तर ती..."

"ते वाक्य पुरं करू नकोस," आप्पासो माइकवरच्या आवाजात म्हणाला, आणि आत जाऊन टॉवेल, दाढीचं सामान आणि धोतरजोडी पिशवीत भरून पाच मिनिटांत बाहेर आला.

मिरजेला डॉ. इनामदारांनी त्याचं ऐकून घेतलं आणि डोळे मिटले.

"तुम्ही तयार आहात. पेशंट तयार आहे. मी तयार आहे," त्या म्हणाल्या. "पण मज्जा काढायच्या यंत्राला आधी दात्याची ऊती दाखवावी लागते. नोंदीत नकार असेल तर सुई हलत नाही. चोरून मज्जा विकणारे निघाले होते ना, त्यांच्यासाठी केलंय. पेशंटची जुनी मज्जा काढून टाकणारं औषधही त्याच परवानगीशिवाय कपाटातून बाहेर येत नाही."

"मग नाव बदलून घालू की माझं," आप्पासो म्हणाला.

"नाव कोण विचारतंय? ते थुंकी विचारतंय."

म्हणून दोघं पुण्याला गेले. प्राधिकरणात 'इच्छा-संरक्षण कक्ष' म्हणून एक शांत, गार खोली होती. तिथल्या वळसंगकर मॅडम अतिशय चांगल्या होत्या. त्यांनी पाणी विचारलं, चहा विचारला, प्रवास कसा झाला विचारलं. अशा माणसाशी भांडताही येत नाही.

"मॅडम, माझा नकार न्हाईच," आप्पासो म्हणाला. "मी आनंदाबद्दल बोलत हुतो."

"मी ऐकलं, आप्पासो. फार वाईट वाटलं." त्यांना खरंच वाटलं होतं. "पण नकार एकदा झाला की तो कायम. कायदाच तसा आहे. सुरुवातीला दात्यांची नावं फुटली तेव्हा काय काय झालं माहितेय? एकाच्या दारात पेशंटची अख्खी भावकी उपोषणाला बसली. एकाला सतरा बायकांनी राख्या बांधल्या. एका बिचाऱ्यानं होकार दिला तो केवळ फराळ संपवता येईना म्हणून. तेव्हा ठरलं, नकारानंतर दाता आणि पेशंटचे नातेवाईक भेटले, आणि मग दात्यानं मन बदललं, तर तो दबाव धरायचा."

"पण माझ्यावर दबाव न्हाई ओ!"

मॅडमच्या टेबलावर एक छोटा पडदा होता. त्याच्यावरचा आकडा वर सरकला.

"हा दबाव-निर्देशांक," त्या म्हणाल्या. "आवाजावरून काढतो. तुम्ही जितकं ठासून सांगताय, तितका वाढतोय."

"मी माइकवाला माणूस हाय! माझा आवाजच असा हाय!"

आकडा लाल झाला.

"आप्पासो, हळू," अभिनंदन म्हणाला.

"मला मज्जा द्यायची आहे," आप्पासो कुजबुजला.

"आता भीतीची खूण आली," मॅडम हळहळल्या. "हे बघा, तुमची इच्छा आमच्याकडे सुरक्षित आहे."

"कुणापासून?" अभिनंदननं विचारलं.

"सगळ्यांपासून. गरज पडली तर आप्पासोंपासूनसुद्धा."

निघताना त्यांनी दारापर्यंत येऊन सांगितलं, की जवळच्या नातेवाइकाला प्राधिकरणाची परवानगी लागतच नाही. आईवडील, मुलं, भाऊबहीण, नवराबायको. "तुम्ही यातलं काही असतात तर किती बरं झालं असतं," त्या म्हणाल्या आणि डोळ्यांच्या कडा पुसल्या.

आप्पासो परत घरी गेलाच नाही. तो काचेबाहेरच्या बाकावर मुक्कामाला राहिला. मज्जा ताजी राहावी म्हणून खजूर खायचा, नाचणीची आंबील प्यायचा, जिने चढायचा नाही. शेजारच्या खोलीतल्या पेशंटच्या भावानं त्याला नळीचा रस्सा सुचवला. आप्पासोनं कानाला हात लावले. "आम्ही जैन, दादा. आणि दुसऱ्याची मज्जा खाऊन आपली द्यायची, हे दिसायला तरी बरं दिसतंय का?"

त्रिशला त्याच्याकडे काचेतून बघायची. तिला आता पुरतं उठून बसता येत नव्हतं. ताप येऊन जाऊन होता. रक्तातले पहारेकरी जवळजवळ संपले होते आणि कुणीही लुंगासुंगा जंतू दार उघडं बघून आत येत होता. डॉक्टरांनी अभिनंदनला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता महिन्यांचा हिशोब करू नका, आठवड्यांचा करा.

"आप्पासो," त्रिशला फोनवरून म्हणाली, "खो-खोत चौकात बसलेला गडी असतो बघा. अंगात कितीबी ताकद असू दे, पाठीत खो बसल्याशिवाय त्याला उठता येत नाही. उठला तर फाउल."

"मी बसलेला गडी."

"तुम्ही बसलेला गडी. आणि खो द्यायचा अधिकार पुण्याला आहे."

तिघंही हसले. हसताना तिच्या नाकातून रक्त आलं, म्हणून मग थांबले.

लग्नाची कल्पना तिचीच. एका सकाळी ताप जरा उतरला तेव्हा तिनं भावाला हाक मारली. "नवराबायको जवळचे नातेवाईक, असं त्या बाई म्हणाल्या ना?"

"अक्का, काहीतरीच काय."

"काहीतरीच कसं? शेहेचाळिशीचा बिनलग्नाचा, स्वतःचा माइक असलेला. शिवाय सगळं जुळतंय. एवढं जुळणारं स्थळ आईला दहा वर्षांत सापडलं नाही."

आप्पासोला विचारलं तेव्हा तो कानापर्यंत लाल झाला. हजारभर लग्नं लावली, पण आपल्या नावापुढे 'चिरंजीव' कसं ऐकू येईल याचा त्यानं कधी विचार केला नव्हता. "ताईंचा जीव वाचत असेल तर," तो म्हणाला, "माझी काय ना न्हाई."

"होणाऱ्या बायकोला ताई म्हणू नका," अभिनंदन म्हणाला.

विवाहनोंदणी अधिकारी, पेठे नावाचे एक घाईतले गृहस्थ, यंत्र घेऊन हॉस्पिटलातच आले. त्रिशलानं निळ्या हॉस्पिटल गाउनवर मोगऱ्याचा गजरा ठेवायचा हट्ट धरला. आत फूल न्यायची परवानगी नव्हती, म्हणून नर्सनं तो काचेवर बाहेरून चिकटवला. आप्पासोनं धोतरजोडीचं कारण आता कळलं असं जाहीर केलं. डॉ. इनामदार दोन साक्षीदारांपैकी एक. दुसरा नळीचा रस्सावाला.

पेठ्यांनी वधूची थुंकी घेतली, वराची घेतली, आणि झाकणाएवढं यंत्र खिडकीत ठेवलं. सगळे त्याच्याकडे बघत उभे राहिले. आप्पासो ओठांतल्या ओठांत मंगलाष्टक म्हणत होता. त्याला आपलं स्वतःचंही लग्न निवेदनाशिवाय जाऊ द्यायचं नव्हतं.

यंत्रानं लाल दिवा लावला.

"अरेच्या," पेठे म्हणाले. "हे होणार नाही. वधू-वर सख्खी भावंडं आहेत."

"काय?"

"दोघांच्याही दोन्ही ओळी एक आहेत. आईकडची आणि वडिलांकडची. सख्ख्या भावाबहिणीत असतं तसं. निषिद्ध नातं."

"अहो, पण ती परकी आहेत एकमेकांना," डॉ. इनामदार म्हणाल्या. "योगायोगानं जुळलेत. अख्ख्या देशात एकदा होतं असं."

"मॅडम, देशात एकदा होतं त्याच्यासाठी रकाना नसतो."

आप्पासोचा चेहरा मात्र एकदम उजळला. असा उजळला की क्षणभर सगळ्यांना वाटलं लग्नच मोडलं म्हणून त्यानं सुटकेचा श्वास टाकला. "म्हणजे मी भाऊ!" तो ओरडला. "साहेब, मी सख्खा भाऊ हाय, असं लिहून द्या. भावाला परवानगी लागत न्हाई! डॉक्टर, सुई काढा!"

पेठे यंत्र पिशवीत घालत होते. "भाऊ असल्याचा दाखला मी देत नाही. मी फक्त लग्न नाकारतो."

"पण तुमचंच यंत्र म्हणालं!"

"लग्नापुरतं."

अभिनंदननं तिथल्या तिथं प्राधिकरणाला फोन लावला. बोलतं यंत्र म्हणालं, "श्री. त्रिशला चौगुले यांना एकच भाऊ आहे. अभिनंदन!" आणि फोन बंद झाला. पुन्हा एकदा त्याला कळलं नाही, की ही माहिती होती की शुभेच्छा.

पेठे गेले. जाताना नियमाप्रमाणे दोघांच्या नोंदीत 'निषिद्ध विवाहाचा प्रयत्न' असं लागलं. म्हणजे बघा, लग्नाला ही दोघं फार जवळची आणि मज्जेला फार लांबची. मधे जी जागा उरली तिच्यात एक काच होती आणि काचेवर गजरा.

गजरा सुकला तरी कुणी काढला नाही. त्रिशलाला नवा ताप भरला तो उतरेना. एकदा तिनं उशाखालची शिट्टी काढून तोंडात धरली. आवाज आला नाही, नुसती हवा. ती शिट्टीकडे बघत राहिली, मग भावाकडे बघून भुवया उडवल्या, जणू शिट्टीच बिघडली होती.

आणि मग ठरल्या तारखेला, अभिनंदन भडंग खात असताना, तो संदेश आला, जो आला नाही.

त्यानं फोन काचेला लावला. त्रिशलानं दोन्ही संदेश वाचले. वाचायला तिला वेळ लागला.

"मी घरी गेलोय," ती म्हणाली.

"हो."

"कसा आहे मी?"

"बरी आहेस. परवा शाळेत जाऊन पोरांना ओरडून आलीस."

"आणि आप्पासो?"

"माझी बी मज्जा चाललीय, ताई," आप्पासो म्हणाला, आणि तोंड फिरवून माइक शोधल्यासारखं करायला लागला.

रक्ताची बाटली संपत आली होती. नर्स दुसरी आणायला गेली. मग त्रिशलानं बोटानं भावाला जवळ बोलावलं, आणखी जवळ येता येत नव्हतं तिथपर्यंत.

"अभ्या, लिहून घे. नीट सरकारी भाषेत लिही, नाहीतर परत काहीतरी भलतंच ऐकतील."

"मी वाचून दाखवीन पुण्याला," आप्पासो म्हणाला. "हळू आवाजात."

तिनं सांगितलं. मधे मधे थांबून सांगितलं. अभिनंदननं लिहिलं:

प्रति,
मा. आयुक्त, राष्ट्रीय ऊतिजुळणी प्राधिकरण

विषय : न पाठवलेला संदेश पाठवला आहे, असे समजण्याबाबत.

महोदय,

आपल्या कार्यालयाकडून मला दोन संदेश प्राप्त झाले. पहिल्या संदेशानुसार मी बरा होऊन घरी गेलो आहे. दुसऱ्या संदेशानुसार पहिला आलेला नाही. दोन्ही संदेशांचा साधकबाधक विचार करता पहिला संदेश आम्हा सर्वांस पसंत आहे. तरी दुसरा संदेश पाठवण्यात आलेला नाही असे समजण्यात यावे, पहिला कायम करण्यात यावा, आणि त्यास अनुसरून अर्जदाराच्या हाडांत आवश्यक ती दुरुस्ती तातडीने करण्याचे आदेश संबंधितांना व्हावेत, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
श्री. त्रिशला चौगुले